गौरीचं गोड पाणी

दसरा होऊन आठवडा उलटला तरी दारावरचं तोरण तसंच होतं. झेंडू काळा पडून गळायला लागला होता. एरवी एवढ्यावरून सुनेला चार शब्द ऐकवणारी सुंदरा त्याच तोरणाखालून दिवसातून वीसदा ये-जा करत होती, आणि तिला ते दिसतही नव्हतं. ऐकवायला सून घरात हवी ना! श्रद्धा पनवेलच्या दवाखान्यात पडून होती, आज नववा दिवस. सहावा महिना, आणि अंगात कावीळ. परवा सुंदरा भेटून आली तेव्हा पोरीचे डोळे पिवळेजर्द होते. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, ही कावीळ पाण्यातून येते, बाकीच्यांना महिना-दीड महिन्यात सोडते, पण पोटुशी बाईचा नेम सांगता येत नाही.

नेम कसला सांगणार! सह्यछाया कॉम्प्लेक्समधली अंतरा नावाची अठ्ठावीस वर्षांची पोर मागच्या मंगळवारी गेली. पाचवा महिना होता. कोंडुली गाव, वरची वाडी आणि कॉम्प्लेक्स मिळून त्रेचाळीस माणसं पिवळी पडली होती. तोवर लोक काविळीची माळ बांधत होते, उसाचा रस पीत होते, एकमेकांना पथ्यं सांगत होते. मंगळवारनंतर कुणी पथ्य सांगेना. सगळे एकच विचारू लागले, पाण्यात काय होतं? आणि कोंडुलीत पाणी म्हणजे सुंदराच्या नवऱ्याचं, हिरामणचं घर. विहीर हिरामणच्या बापानं खणून पंचायतीला दिलेली; गाव, वाडी, कॉम्प्लेक्स, सगळ्यांना तिचंच पाणी. टाकीची किल्ली सव्वीस वर्षं हिरामणच्या कमरेला, आणि त्याचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, पोराच्या, किरणच्या कमरेला. दुपारी चार वाजता ग्रामसभा होती.

म्हणून सकाळी दहालाच संतोष येऊन धडकला. हिरामणचा धाकटा भाऊ, पंचायतीचा मेंबर. बोलायला लागला की समोरचा आपोआप मान डोलवतो, अशी त्याची जीभ. पण आज त्याच्यामागून त्याची मुलगी रियाही आली होती, आणि तिची मान काही डोलत नव्हती. रिया कर्जतला लॅबचा कोर्स करत होती. गावचं पाणी तपासायला पंचायतीनं ज्या पाच बायका नेमल्या, त्यांत ती एक.

"नीट ऐका," ओटीवर बसता बसता संतोष म्हणाला. "चार वाजता सगळ्यांच्या तोंडून एकच आलं पायजे. पाण्यात ब्लिचिंग पावडर रोज पडलीय. वहीत तारखेवार लिवलंय, खाली किरणची सही हाय. तालुक्याचे सायेब परवा नळाचं पाणी घेऊन गेले, ते पास झालंय. मंग दोष कुठं? कॉम्प्लेक्सच्या जमिनीतल्या टाकीत. तीन वर्षं धुतली नाय त्यांनी ती. गावातल्यांना झालीय ती तिकडं कामाला जाऊन तिथलं पानी पिऊन. इषय मिटला."

"पास झालं, कारण आदल्या दिवशी तुम्ही दादाला दुप्पट पावडर टाकायला लावलीत, पप्पा," रिया म्हणाली.

"तुला कुणी इचारलं?"

"कुणीच नाय विचारलं. म्हणून सांगते. मापात पावडर असताना मी विहिरीचं पाणी तीनदा बाटलीत भरलं. तिन्ही बाटल्या दुसऱ्या दिवशी काळ्या पडल्या. बाटली काळी म्हणजे पाण्यात मैला, एवढं तर आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय."

"माज्या बापाच्या इहिरीत मैला?" हिरामण खाटेवरून ओरडला. उठता येत नव्हतं, म्हणून त्यानं काठी जमिनीवर आपटली. "साठ वरसं झाली त्या इहिरीला! एका माणसाचं पोट दुखलं नाय. परगावचे लोक गाडी थांबवून बाटल्या भरून नेत्यात. आनि ही कालची पोर मला मैला सांगते!"

"आजोबांची विहीर वाईट नाय, मोठे पप्पा. तिच्या डोक्यावर काय आणून ठेवलं ते बघा. कॉम्प्लेक्सच्या नव्या तीन बिल्डिंगी यंदा भरल्या. त्यांच्या संडासाचा खड्डा नाल्याच्या वर. नाला विहिरीच्या अंगाला. झिरपणार नाय तर काय करणार?" मग ती बापाकडे वळली. "तुम्ही टाकीचं नाव घेताय, खड्ड्याचं नाय घेत. कारण खड्ड्याच्या परवानगीच्या कागदावर तुमची सही हाय."

संतोष उठला तो हात उगारूनच. सुंदरा आतून भाताचं भांडं उतरवायचं फडकं हातात घेऊन आली होती, ती तशीच मध्ये उभी राहिली.

"भावजी, माज्या घरात पोरीवर हात नाय टाकायचा."

संतोषनं हात खाली घेतला. सगळ्यांना वाटलं, चला, मोठी वहिनी पोरीच्या बाजूनं उभी राहिली. रियालाही वाटलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले. पण सुंदरा लगेच तिच्याकडे फिरली.

"आनि तू पन गप बस गं. लय शिकलीस, कळलं आमाला. तुजा दादा पुढल्या महिन्यात पंचायतीत कायम व्हायचाय. त्याची बायको तिकडं सलायनवर हाय. त्याला आता तुरुंगात घालायचं हाय का तुला? चार वाजता तोंडाला कुलूप लाव, बास."

हे बोलताना तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही ती बोलली. आईचं काळीज हे असंच असतं मेलं, ते आधी पोराला पदराखाली घेतं आणि मग खरं-खोटं बघतं.

किरण इतका वेळ उंबऱ्यावर खाली मान घालून बसला होता. बायको आजारी पडल्यापासून त्यानं दाढी केली नव्हती. तो मान वर न करताच म्हणाला, "काका, पावडर रोज नाय पडली."

संतोषनं ओटीवरून रस्त्याकडे डोकावून बघितलं.

"गौरीचे तीन दिवस नाय टाकली. दर सालासारखी. वहीत लिवली, पन टाकली नाय."

"ते मला म्हाईत नाय व्हय?" संतोष दात आवळून म्हणाला. "घरातल्या सगळ्यांना म्हाईत हाय. पन घराभायेर कुणाला म्हाईत हाय? कुनालाच नाय. मंग ते हितंच ऱ्हाऊ दे."

खरंच होतं ते. गावात कुणालाच माहीत नव्हतं. गावाला वेगळंच माहीत होतं.

तीस वर्षांपूर्वी टाकी नवी बांधली तेव्हाची गोष्ट. पंचायतीनं हिरामणला पावडर दिली, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत आणि विहिरीत ओतायची. त्या साली भादव्यात बायका तेरड्याची गौर आणायला रिवाजाप्रमाणे विहिरीवर गेल्या. गौरीपुढं ठेवायचा तांब्या भरला, सुंदराच्या सासूनं त्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर पचकन थुंकलं. "देवीला दवाखान्याचं पानी पाजता काय गं?" म्हणाली. पाणीवाल्याची बायको म्हणून सगळं खापर सुंदराच्या डोक्यावर. तेव्हा ती पोटुशी होती, तिसरा महिना. रडून रडून तिनं हिरामणला विनवलं, तीनच दिवस, गौर आल्यापासून जाईपर्यंत, तेवढं ते बंद ठेवा. हिरामण बायकोच्या रडण्यापुढं विरघळला. पुढल्या साली गौर आली आणि पाण्याला वास नाही. बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, बघा, गौर आली आणि पाणी गोड झालं.

बस्स, तेव्हापासून ते तसंच. गौरीच्या पायगुणानं कोंडुलीचं पाणी तीन दिवस गोड होतं, असं लोक सांगू लागले. भिवपुरीपासून सासुरवाशिणी ते पाणी प्यायला माहेरी येऊ लागल्या. सुंदरानं कधी कुणाला खरं सांगितलं नाही. उलट तिला ते गोड वाटायचं. सासू गेली, ती घरची थोरली झाली, आणि पूजेच्या दिवशी पोटुशी बायांची ओटी भरून त्यांना गौरीपुढच्या तांब्यातलं पाणी स्वतःच्या हातानं पाजायचं, ही रीत तिनंच घातली. बाळाला गौरीचा आशीर्वाद म्हणून.

संतोष निघून गेला. जाताना पोरीला "तू घरी ये, मंग बघतो" म्हणाला, पण रिया त्याच्याबरोबर गेली नाही. ती चुलत्यांच्या स्वयंपाकघरात आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून तिनं ओट्यावर पसरलं.

"मोठी आई, मला शिव्या घाल, पण एकदा बघ. ही कावीळ प्यायल्या प्यायल्या येत नाय. पाच-सहा आठवडे अंगात लपून बसते, कधी कधी दोन महिने. श्रद्धावहिनीला ताप कधी आला? घटस्थापनेनंतर आठ-नऊ दिवसांनी ना? कॉम्प्लेक्समधली ती अंतरा, तिला त्याच आठवड्यात. माळ्यांचा हरी, दोन दिवस मागं-पुढं. आता इथून मागं मोज."

सुंदराला तारखा वाचता येत होत्या. तिनं भाताच्या वाफेनं ओलं झालेलं बोट कॅलेंडरवर ठेवलं आणि आठवडा आठवडा मागं नेलं. पाचव्या आठवड्याशी बोट येऊन थांबलं. त्या चौकोनात तिनंच लाल पेनानं लिहून ठेवलं होतं, गौर पूजन.

"इतके दिवस पावडरीनं कसंबसं धरून ठेवलं होतं," रिया हळू आवाजात म्हणाली. "त्या तीन दिवसांत धरायला कुणी नव्हतं. आणि आता पावडरीलाही आवरत नाय. पावसाचं पाणी उतरलं, विहीर खाली गेली, वरून येणारा मैला तेवढाच हाय. सायबांनी आज टाकीचा ठराव केला तर कॉम्प्लेक्सचं पाणी तोडतील. आणि आपलं गाव आणि वाडी उद्यापासून पुन्हा हेच पाणी प्यायला मोकळे. मला एवढंच कळतं, विहीर बंद झाली पाहिजे. दादाला काय होईल ते मला नाय कळत."

सुंदरानं बोट कॅलेंडरवरून उचललं नाही. तिला विहीर दिसत नव्हती, वही दिसत नव्हती. तिला फक्त स्वतःचा हात दिसत होता, तांब्या धरलेला. त्या दिवशी तिनं तिघींची ओटी भरली होती. पहिली आपली श्रद्धा. दुसरी कॉम्प्लेक्समधली ती हसरी पोर, जी मैत्रिणींबरोबर गौर बघायला आली होती आणि जिचं नाव तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. आणि तिसरी वरच्या वाडीतली चिंधी.

"रिया," तिनं विचारलं, "ती कॉम्प्लेक्समधली, अंतरा, ती कशी होती गं दिसायला? गालावर तीळ होता?"

रियानं मोबाईलमधला फोटो काढून दाखवला. कॉम्प्लेक्सच्या लोकांनी मेणबत्त्या लावल्या होत्या त्या दिवशीचा. गालावर तीळ होता.

सुंदरानं पदर तोंडात कोंबला. रडण्याचा आवाज ओटीवर हिरामणपर्यंत जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं. रियानं तिला जवळ घेतलं तेव्हा तिनं तिला ढकललं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. श्रद्धाच्या आईनं लावला होता, पण बोलायला श्रद्धा आली. आवाज अगदी खोल गेलेला.

"आई, जेवलात?"

"आमचं सोड गं. तुजं काय? डॉक्टर काय बोलल्या?"

"रक्त परत घेतलंय. आई, एक सांगू? बाळ हलतंय. सकाळपासून दोनदा हललं. शेजारच्या बेडवरच्या बाईचं काय खरं नाय म्हणतात, पण माझं बाळ हलतंय. तुम्ही गौरीचं पाणी पाजलंत ना मला, त्यानंच तगलंय ते. मी डॉक्टरांना पण सांगितलं."

सुंदरा "झोप हं बाळा" एवढंच म्हणाली आणि फोन रियाच्या हातात दिला. मग उठून तिनं चुलीवरचं सगळं पाणी, उकळलेलं आणि न उकळलेलं, मोरीत ओतून टाकलं. त्यानं काही होणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं.

जेवणं कुणाचीच झाली नाहीत. साडेतीनला किरण टाकीची किल्ली कमरेला लावून निघाला. सुंदरानं त्याला दारात अडवलं.

"किरन, आज मी बोलले तर तुजी नोकरी जाईल."

त्यानं आईकडे बघितलं. "आई, नोकरी त्याच दिवशी गेली, ज्या दिवशी श्रद्धाला गाडीत घातली. मला रोज वाटतं, मीच पाजलं तिला."

"तू नाय रं पाजलंस," सुंदरा म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

भाऊ ओरडून गेला, बायको आत रडली, हिरामणनं सगळं ऐकलं होतं. म्हाताऱ्याच्या कानाला काही झालेलं नव्हतं. तो काठी टेकत उठला. "मला बी न्या," म्हणाला. दोन्ही बाजूंनी धरून त्याला शाळेपर्यंत न्यायला पंधरा मिनिटं लागली.

शाळेच्या मोठ्या वर्गात सभा होती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रखरखत होतं, आत पंखे नुसते कुरकुरत होते. बायका रिवाजाप्रमाणे मागच्या भिंतीला. चिंधी तिथंच, दाराजवळ, पोट सांभाळत बसली होती. सातवा महिना. तिचा नवरा वीटभट्टीवर गेला होता, म्हणून ती एकटीच वाडीतून उतरून आली होती. सुंदरा तिच्या शेजारी जाऊन बसली. चिंधी हसली आणि बाजूला सरकून तिनं जागा केली. त्या हसण्यानं सुंदराच्या जिवाला जास्तच लागलं.

तालुक्याहून आलेले साहेब तरुण होते आणि थकलेले दिसत होते. त्यांनी वही उघडून सगळ्यांना दाखवली. पावडर रोज पडल्याची नोंद आहे, नळाचा नमुना पास आहे, त्यामुळे संशय कॉम्प्लेक्सच्या साठवण टाकीवर आहे, असं ते म्हणाले. टाकी बंद करून साफ करून घ्यावी. गावाचा पुरवठा चालू ठेवायला हरकत नाही. संतोषनं पहिल्यांदा टाळी वाजवली, मग त्याच्या मागच्यांनी वाजवली.

कॉम्प्लेक्सच्या लोकांतून एक जण उभा राहिला. सौमित्र त्याचं नाव, अंतराचा नवरा. त्याचं मुंडण केलेलं डोकं बघून वर्गातल्या टाळ्या थांबल्या.

"मला भांडायचं नाही," तो म्हणाला. "टाकी साफ करा, अवश्य करा. पण मला एक समजत नाही. आमच्या घरात पाणी शुद्ध करायचं मशीन आहे. मी आणि ती, दोघंही तेच पाणी प्यायचो. चहासुद्धा त्याच पाण्याचा. मग मला काही झालं नाही, आणि तिला कसं झालं? मी रोज हाच विचार करतोय. कुणाला माहीत असेल तर सांगा."

साहेब म्हणाले, "बाहेर कुठेतरी प्यायल्या असतील. ते आता सांगता येणार नाही."

सौमित्र मान हलवून खाली बसायला लागला. साहेबांनी ठरावाच्या कागदावर पेन टेकवलं. सुंदराच्या शेजारी चिंधी पदरानं वारा घेत होती. सुंदरा उठली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. संतोष अर्धा उठला. "वयनी, खाली बसा. सायेब, त्यांची सून आजारी हाय, त्यांचं डोकं ठिकाणावर नाय."

"माजं डोकं आजच ठिकाणावर आलंय, भावजी." मग ती साहेबांशी नाही, सौमित्रशी बोलायला लागली. "तुमची बायको गौरीला माज्या घरी आली व्हती. मी तिची ओटी भरली. गौरीपुढचा तांब्या मी तिच्या हातात दिला. त्या पान्यात पावडर नव्हती. गौरीचे तीन दिवस या गावच्या पान्यात पावडर पडत नाय. तीस वरसं पडत नाय. मी नवऱ्याला सांगून बंद ठेवली, मंग पोरानं बंद ठेवली. तुमी सगळ्या बाया म्हंता ना, गौर आली की पानी गोड व्हतं? गौरीनं नाय व्हत. मी पावडर बंद ठेवते म्हनून व्हतं."

मागच्या भिंतीशी कुणी बाई "अगं बया!" म्हणाली. मग गलका झाला, सगळेच एकदम बोलायला लागले. किरण उठून पुढं गेला, त्यानं कमरेची किल्ली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. "वही खोटी हाय सायेब. मी लिवलीय." रियाही पुढं गेली आणि खड्डा, नाला, काळ्या बाटल्या, सगळं भराभर सांगायला लागली. खड्ड्याच्या परवानगीच्या कागदाचं नाव निघालं तेव्हा संतोष जागेवर नव्हता. मागच्या दारानं कधी निघून गेला, कुणी बघितलं नाही.

हिरामणला उभं राहायला दोघांचा हात लागला. गलका थांबेपर्यंत तो तसाच ताटकळत उभा राहिला.

"इहीर बंद करा," तो म्हणाला. "माज्या बापाची हाय. मी सांगतो, आजच बंद करा."

साहेबांनी ठरावाचा कागद फाडला आणि दुसरा घेतला. गावाला, वाडीला, कॉम्प्लेक्सला उद्यापासून टँकर येईल, असं ते म्हणाले. चौकशी होईल, असंही म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी किरणकडे बघितलं.

सौमित्र हळूहळू बायकांच्या भिंतीकडे आला. लोक बाजूला झाले. सुंदराला वाटलं, हा आता मारेल तर मारू दे.

"ती घरी आली त्या दिवशी," तो म्हणाला, "फार खूश होती. म्हणाली, पाणी इतकं गोड होतं, मी दोनदा मागून प्यायले. म्हणाली, ती बाई किती मायेनं देत होती. मी म्हटलं होतं, उद्या मला पण घेऊन जा."

सुंदरानं हात जोडले. माफ करा ती म्हणाली नाही, तेवढ्यानं भागण्याइतकं ते लहान नव्हतं. तो उन्हात निघून गेला.

वर्ग रिकामा व्हायला लागला. एरवी सभा सुटली की सुंदराभोवती बायकांचा घोळका असायचा. आज त्या अंग चोरून तिच्या बाजूनं जात होत्या. चिंधी मात्र जागेवरच बसून होती. तिचा एक हात पोटावर होता. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिला सगळं समजलं होतं.

सुंदरा तिच्यापुढं खाली बसली. "चिंधे, तुला अजून काय नाय झालं. पन अजून दिवस हायेत, आतून असंल. उद्या सकाळी माज्यासंगं पनवेलला चल. रगत तपासून घेऊ. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी वळखते." तिनं चिंधीचा हात धरला.

चिंधीनं हात काढून घेतला. झटकला नाही, सावकाश काढून घेतला.

"तुज्या हातचं आता मी पान्याचा थेंब नाय घ्यायची, काकी," ती म्हणाली.

"नको घेऊस," सुंदरा म्हणाली. "पन चल."

चिंधी भिंतीला धरून उठली. "किती वाजता?" तिनं विचारलं.